कंपाउंडरची पोटदुखी

"काका, काकी आहेत ना घरी?"

दवाखान्याच्या खिडकीतून कॅप्सूलची पुडी उचलता उचलता त्या बाईनं विचारलं, आणि धोंडू पाताड्यांच्या हातातली कात्री जागच्या जागी थांबली. ते मिक्स्चरच्या बाटलीला लावायची कागदाची पट्टी कापत होते. पट्टीच्या कडेला सारख्या अंतरावर खाचा, एक खाच म्हणजे एक डोस. अशी पट्टी हातानं कापणारा कंपाउंडर घाटकोपरच्या त्या टेकडीखाली आता एकटे पाताडेच उरले होते, आणि ही गोष्ट कुणी विचारली नाही तरी ते सांगत असत.

"आहे घरी. का?"

"नाही, म्हटलं ह्या कॅप्सूलनी पोटाची वाट लागणारच ना. मागच्या वेळी काय झालं होतं माहितीय ना तुम्हाला. तर ते आधीच घेऊन ठेवते."

"आधी कॅप्सूल तर घ्या पूर्ण."

"घेणार ना, काका. काकींचं ते आहे म्हणूनच घ्यायची हिंमत होते."

बाई गेली. पाताड्यांनी पट्टी कापली, पण खाच वाकडी गेली. दुसरी कापली, तीही वाकडी गेली.

'ते' म्हणजे काय, हे टेकडीखालच्या त्या भटवाडीत कुणालाच माहीत नव्हतं, आणि 'ते' कुणाकडे मिळतं हे माहीत नसलेलाही कुणी नव्हता. टायफॉईडच्या नाहीतर कसल्याही जोरदार कॅप्सूलचा कोर्स झाला, ताप गेला, पण पोट काही थाऱ्यावर येईना, खाल्लेलं अंगी लागेना, अशी माणसं पाताड्यांच्या चाळीचा जिना चढत. रत्नप्रभाकाकी त्यांना आत बसवत, पाठ फिरवून सहाणेवर काहीतरी उगाळत, वाटीभर ताज्या ताकात कालवून देत आणि वर बजावत, "पेज जेवा. दूध नको, मिरची नको." नियम तीन होते. औषध काय आहे ते विचारायचं नाही, काकींनी सांगायचं नाही, आणि त्याचे पैसे घ्यायचे-द्यायचे नाहीत. नाव घेतलं की झाड रुसतं, असं काकींच्या आईनं कणकवलीकडच्या त्यांच्या गावी, मरताना त्यांना सांगितलं होतं. म्हणून लोक नुसतं 'ते' म्हणत. "काकी, ते आहे का?" असं विचारत, आणि निम्मं बरं तिथंच वाटू लागे म्हणे.

पाताड्यांना नाव माहीत होतं. नवऱ्यापासून लपवायचं काकींच्या मनातही आलं नव्हतं. मुळ्यांची ती फडक्यातली गाठोडी दरवर्षी गावाहून मेहुणा पाठवायचा आणि पाताडेच ती फळीवर चढवून ठेवायचे. इतकं साधं होतं ते. आणि तेच त्यांच्या नाकाला झोंबत होतं.

एके काळी या चाळीत पाताड्यांना 'डॉक्टर' म्हणत. पोरगं पडलं, कुणाला भाजलं, की आधी त्यांना हाक. गळू फोडायचं तेच, पट्टी बांधायची त्यांनीच. मग कॅप्सूल आल्या, लोकांना लाल मिक्स्चर जुनाट वाटू लागलं, आणि कधी कोण जाणे, ते 'काकींचे मिस्टर' झाले. नळावर बायका काकींचा हंडा पुढे घेत. हळदीकुंकवाला काकींना आधी पाट मिळे. पाताडे गॅलरीत उभे राहून हे सगळं पाहत आणि मनात नोंदवून ठेवत, कारण ज्याला असूया वाटते त्याची नजर फार बारीक असते.

एकदा तर काकी लेकीकडे वसईला गेल्या असताना खालच्या मजल्यावरचा कुंडलिक आला होता. पाताड्यांना मनातून आनंदच झाला. त्यांनी हात स्वच्छ धुतले, तेच मूळ तेवढंच उगाळलं, त्याच भांड्यातलं ताक घेतलं, चिमूटभर सुंठ घातली. कंपाउंडरच तो, मापात कशाला चुकतोय? दुसऱ्या दिवशी कुंडलिक पुन्हा दारात.

"काका, रागावू नका हां. काकी कधी येणार?"

"का? दिलं ना काल."

"दिलंत. पण काकींच्या हाताला गुण आहे ना. तुमच्या हातचं नुसतंच कडू लागलं."

पाताडे हसले. जेवायला बसले तेव्हा त्यांना जेवण गेलं नाही. मराठीत दुसऱ्याचं चांगलं पाहून 'पोटात दुखतं' असं म्हणतात, ते कुणी उगाच म्हटलेलं नाही. त्यांचं खरोखर दुखत होतं.

भर घातली ती वोरा डॉक्टरांनी. पाताडे त्यांच्याच दवाखान्यात कामाला होते. वोरा गुजराती, स्वभावानं मोकळे. एकदा दुपारी दवाखान्यात गर्दी नव्हती, तेव्हा चहाच्या कपात बिस्किट बुडवत म्हणाले, "पाताडे, तुमच्या मिसेसचा आपल्याला फायदा आहे हां. कॅप्सूलचं काम कसं आहे, म्युनिसिपालिटीच्या गाडीसारखं. गुंडांची झोपडी तोडायला येते, बाजूची चांगल्या माणसांची पण तोडून जाते. पोटात चांगले जंतू असतात ना, ते पण साफ. मग तुमच्या बाई ताकातून वस्ती परत बसवतात. आपण तोडतो, त्या बसवतात."

डॉक्टरांनी कौतुकानं म्हटलं होतं. पाताड्यांनी त्यातलं एकच उचललं. आपण तोडतो, ती बसवते. सबंध जन्म औषधं कालवण्यात घालवला, बोटांची कातडी रंगली, आणि शेवटी आपण तोडणारे ठरलो. त्या दिवशी घरी आल्यावर काकींनी पुढे केलेला पाण्याचा तांब्या त्यांनी घेतला नाही. "तहान नाही," म्हणाले. होती.

आणि मग सव्वीस जानेवारी आली.

चाळीत त्या दिवशी सार्वजनिक सत्यनारायण असे. गिरणीच्या संपात नोकरी गेल्यापासून काशीरामकडे वेळच वेळ होता आणि चाळ कमिटीचा सेक्रेटरी तोच होता, त्यामुळे पूजेबरोबर दरवर्षी काहीतरी नवा कार्यक्रम निघे. या वर्षी त्यानं सत्कार काढला. खांबाला लाऊडस्पीकर बांधला, त्याचं तोंड वर टेकडीकडे केलं आणि माइक फुंकून फुंकून सांगितलं, "आपल्या सर्वांच्या पोटाची काळजी घेणाऱ्या रत्नप्रभाकाकी पाताडे यांचा शाल आणि नारळ देऊन सत्कार करण्यात येत आहे."

काकी लाजून लाल झाल्या. घडीची जरीची साडी त्यांना टोचत होती. खुर्चीत बसल्या, तर अगदी कडेवर, उठायला सोपं पडावं अशा. सुगंधा नावाच्या एका सासुरवाशिणीनं त्यांना शाल घातली. टाळ्या कितीतरी वेळ वाजत राहिल्या. मागे खांबाला टेकून उभ्या असलेल्या पाताड्यांना वाटलं, आता थांबतील. थांबल्या नाहीत.

"आता त्यांचे मिस्टर दोन शब्द बोलतील," काशीराम म्हणाला.

पाताडे माइकपुढे आले. बोलायचं काही ठरवलेलं नव्हतं. 'आभारी आहे' म्हणून बाजूला झाले असते तर ही गोष्ट इथं संपली असती. पण समोर एवढी माणसं पहिल्यांदाच त्यांचं ऐकायला गप्प बसली होती, आणि शेजारी शाल पांघरलेली बायको बसली होती.

"मंडळी," ते म्हणाले, "माझं आयुष्य औषधात गेलं. म्हणून सांगतो, यात जादूबिदू काही नाही. ते म्हणजे कुडा. कुड्याचं मूळ. बोटाच्या पेराएवढं सहाणेवर उगाळायचं, वाटीभर ताजं ताक, चिमूट सुंठ, रिकाम्या पोटी घ्यायचं. कुणीही करावं. हाताबिताचा काही संबंध नाही."

लाऊडस्पीकरवरून ते शब्द टेकडीवर गेले, वरच्या झोपड्यांपर्यंत. मग काशीरामनं टाळी वाजवली. "वा! काकांनी फॉर्म्युलाच फोडला." सगळे हसले, पुन्हा टाळ्या वाजल्या, आणि या वेळी त्या पाताड्यांसाठी होत्या. त्या टाळ्या त्यांना फार गोड वाटल्या. त्यांनी बायकोकडे पाहिलं नाही.

घरी आल्यावर काकींनी शालीची घडी घातली, पेटीत तळाशी ठेवली आणि पेटी बंद करून तिच्यावरच बसल्या.

"तुमी नाव घेतलास," त्या म्हणाल्या.

"त्यात काय? लोकांचं भलंच होईल ना."

"तेचा नाव मी चेडवाक पण सांगूक नाय. माझ्या पोटच्या चेडवाक. आणि तुमी लाऊडस्पीकरवर सांगलास." आवाज चढला नव्हता. "आता तेचो गुण गेलो."

"अगो, गुण मुळात असतो, नावात नाही."

काकी उठून भात लावायला गेल्या. भांडल्या असत्या तर पाताड्यांना उत्तरं तयार होती.

पुढचे काही दिवस पाताड्यांचे मजेत गेले, खोटं कशाला बोला. जो तो कुडा शोधू लागला. कुणी बाजारातल्या काष्ठौषधीच्या दुकानातून आणला, कुणी गावाहून मागवला. कुणी अंदाजानं मूठभर उगाळून ओकून टाकला. आणि गॅलरीत बायका बोलू लागल्या, "कुडाच होता होय? मला वाटलं काय असेल नि काय नाही." ते काकींना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलायचं कारण नव्हतं, पण चाळीत कुणी मुद्दाम हळू बोलत नाही.

जिना चढणारी पावलं थांबली. एखादी म्हातारी सवयीनं आलीच, तर काकी दारातूनच सांगत, "गुण गेलो, बाय. डॉक्टर देतत ती पावडर घे." सहाण त्यांनी फळीवर पालथी घातली. नळावर त्यांचा हंडा कुणी पुढे घेईना. रांगेत त्या आपला नंबर येईपर्यंत उभ्या राहत, आणि पाताडे वरून बघत. हेच तर हवं होतं. मिळालं होतं. मग बघताना बरं का वाटत नव्हतं, हे त्यांना कळेना. बायकोचं गेलेलं मोठेपण आपल्याकडे येईल असा त्यांचा काहीतरी हिशेब होता. ते त्यांच्याकडे आलं नाही. ते गेलंच. दवाखान्याच्या खिडकीत आता "काकी आहेत का?" असं कुणी विचारत नव्हतं, आणि "काका, तुम्ही कसे आहात?" असंही नाही.

घरात काकी कमी बोलू लागल्या. आधी रोज संध्याकाळी कोण आलं, कोणाचं काय दुखतंय, कोणाच्या सुनेनं ताक सांडलं, सगळं त्या सांगायच्या आणि पाताडे तोंड वाकडं करून ऐकायचे. आता ऐकायला काही नव्हतं.

होळीनंतर पाताडे स्वतःच तापानं पडले. वोरा डॉक्टर जिना चढून घरी आले, तपासलं, म्हणाले, "टायफॉईड आहे. कोर्स पूर्ण करायचा, पाताडे, तुम्हाला काय सांगायचं." पाताड्यांनी कोर्स पूर्ण केला. दुसऱ्यांना पुड्या बांधून दिलेल्या त्याच कॅप्सूल. ताप उतरला. पोट मात्र गेलं.

चाळीत प्रत्येक मजल्याचा संडास गॅलरीच्या टोकाला. तिथं जायचं तर पाण्याचं टमरेल हातात धरून सगळ्यांच्या दारांवरून जावं लागे, आणि कोण कितव्यांदा चाललंय ही बातमी टमरेलाच्या आधी पोचे. पाताड्यांच्या फेऱ्या दिवसभर चालू. पँटी सैल झाल्या. भिंतीला हात लावून चालावं लागे. डॉक्टरांची पावडर झाली, पिवळ्या गोळ्या झाल्या, काही फरक नाही.

शेवटी एका सकाळी खाटेवरून ते म्हणाले, "मला ते दे."

काकी तांदूळ निवडत होत्या. "कसला 'ते'?"

"ते गं."

"तेका नाव आसा ना आता. नाव घेवा."

नाव तोंडात आलं होतं, पण बाहेर पडेना. काकी सूप बाजूला ठेवून उठल्या. सहाण उलटी केली, धुतली, पाठ फिरवून उगाळायला बसल्या. "पेज जेवा," म्हणाल्या. "पण येवचो नाय गुण. आधीच सांगतंय."

आणि गुण नाही आला. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. पाताडे टमरेल उचलत आणि काकी मान खाली घालत. आपलं बोलणं खरं ठरल्याचा आनंद त्या मान घालण्यात नव्हता. एखादी गोष्ट कायमची गेली याची दरवेळी नव्यानं खात्री पटावी, तसं ते होतं. पाताड्यांना संडासाच्या वाटेपेक्षा ते बघणंच जड जाऊ लागलं. आपल्या पोटामुळंच आता हिच्या हाताचा गुण रोज खोटा ठरतोय, असं त्यांच्या मनात आलं, आणि या एवढ्याशा गोष्टीनं ते खाटेवर पडल्या पडल्या रडले. काकी नळावर गेल्या होत्या म्हणून बरं.

पुढच्या सकाळी त्यांनी वाटी तोंडाला लावली, संपवली, आणि थोड्याच वेळात पोटात गुडगुडायला लागलं. काकी दारात सूप घेऊन बसल्या होत्या. त्यांची नजर टमरेलाकडे गेली.

पाताडे उठले नाहीत.

उशी पाठीशी घेऊन ते बसले आणि वर्तमानपत्र उघडलं. अक्षरं दिसत नव्हती. कळ आली की पायाची बोटं आवळायची, ओसरली की पान उलटायचं. कपाळावर घाम फुटला, तो त्यांनी पेपरच्या आड पुसला. काकी तांदूळ निवडत राहिल्या. वेळ जात होता आणि टमरेल जागच्या जागी होतं.

तेवढ्यात शेजारची वनमाला दारात आली. तिचा नवरा शिवदास, तोही संपातला, आता पवईला वॉचमन होता. "काका, आज दिसला नाहीत गॅलरीत. बरंय ना?"

"झकास," पाताडे म्हणाले. "गुण आला."

काकींचा हात सुपात थांबला.

"काय सांगता? कुड्यानं?"

"कुडा तर तुम्ही सगळ्यांनीच घेतला ना? आला का गुण?" पाताड्यांना मध्येच थांबावं लागलं. दात आवळून त्यांनी ती कळ जाऊ दिली. "हिच्या हातानं आला. हाताचाच असतो. मी तेव्हा माइकवर बोललो त्यात मला काय कळत होतं? मी पट्ट्या कापणारा माणूस."

वनमाला उंबऱ्यावरच बसली. "मग काकी, आमच्या सासूबाईंना द्याल का? त्या कॅप्सूल झाल्यापासून काही ठरत नाही त्यांच्या पोटात. मी केलं घरी, काकांनी सांगितलं होतं तसंच. पण नाही लागू पडलं." ती जराशी अडखळली. मग नाव न घेता म्हणाली, "ते द्याल का?"

काकींनी नवऱ्याकडे पाहिलं. पाहतच राहिल्या. पाताड्यांनी दोन्ही हातांनी खाटेची कड घट्ट धरली होती आणि चेहरा होईल तितका सरळ ठेवला होता.

"दे," ते म्हणाले. "येतो गुण."

काकी उठल्या. पदर खोचला. "वाटी घेवन ये जा घरसून," त्यांनी वनमालेला सांगितलं, आणि ती गेल्यावर पाठ फिरवून सहाणेपुढे बसल्या. मूळ फिरू लागलं. पाठ असली तरी गालाची एक बाजू दिसत होती, आणि त्या बाजूवर कितीतरी दिवसांनी जे उमटलं ते पाताड्यांनी बघितलं. ते स्वतः जन्मभर औषधं कालवत आले होते, पण कालवताना आपला चेहरा असा कधी झाला नसणार हे त्यांना लख्ख कळलं. एवढं सगळं होऊनही त्यांना हेवा वाटला. वाटलाच. फक्त आता तो वाटत असतानाही ते तिच्याकडे बघत राहिले.

पुन्हा कळ आली. ही मोठी होती.

काकींनी मागे वळून पाहिलं नाही. सहाणेवरचा हातही थांबवला नाही. हळूच म्हणाल्या, "टमरेल भरून ठेवलंय. मागच्या जिन्यान जावा, खालच्या संडासात. थंय आता कोण नसता. आणि ती वाटी घेवन येवच्या आधी येवन बसा."